प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा पंक्तिप्रपंच

संगणकाला कामाच्या सूचना ज्या कृत्रिम भाषांतून दिल्या जातात त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्याविषयी या व्यवसायात रूढ झालेल्या समजुतींची संख्या त्याहून मोठी आहे. जावा म्हणजे बड्या कंपनीतील कारकुनी, पीएचपी म्हणजे स्वस्तातली वेबसाइट, पायथन म्हणजे कोणालाही जमेल असे काम, जावास्क्रिप्ट म्हणजे पोरखेळ, कोबोल म्हणजे मढे, सी म्हणजे खरी विद्या आणि रस्ट म्हणजे नवा संप्रदाय, अशी ही वर्णने असून ती भाषेपाशी थांबत नाहीत. त्या भाषेवर ज्याचे पोट आहे त्या माणसाला ती जाऊन चिकटतात. पुण्यात खराडीच्या कार्यालयांतून हे बोलणे चहाबरोबर संपत असेल. परंतु त्याच पुणे-नगर रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर पुढे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, तेथून शिरूर गावात आणि भीमा ओलांडून दौंड तालुक्यात ते पोहोचते तेव्हा त्याचे रूपांतर वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यात, क्लासच्या जाहिरातीत आणि मुलाखतीच्या निकालात झालेले असते. म्हणून ही थट्टा आहे असे म्हणून तिच्याकडे काणाडोळा करणे योग्य ठरत नाही.

या समजुतींच्या समर्थकांचा युक्तिवाद त्याच्या सर्वात भक्कम रूपात आधी मांडला पाहिजे. तो असा की, प्रत्येक भाषा माणसाला विशिष्ट रीतीने विचार करायला लावते, वाईट भाषेत वाढलेल्याला वाईट सवयी लागतात, आणि त्यामुळे अमुक भाषेचा माणूस तमुक प्रकारचा असणार हे अनुमान पूर्वग्रह नसून हजारो लोकांच्या अनुभवाचे सार आहे. या युक्तिवादाला घराणेही मोठे आहे. १९७२ चे ट्युरिंग पारितोषिक मिळवलेले डच शास्त्रज्ञ एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी जून १९७५ मध्ये एक छोटे टिपण लिहिले आणि त्यात फोरट्रानला बालरोग, पीएल/वनला प्राणघातक आजार व एपीएलला पूर्णत्वाला नेलेली चूक ठरवून झाल्यावर, कोबोलने बुद्धी पंगू होते म्हणून ते शिकवणे हा गुन्हा मानावा असे सुचवले; बेसिक आधी शिकलेल्या विद्यार्थ्यांना चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळपास अशक्य आहे, कारण त्यांच्या मनाला कायमचे अपंगत्व आलेले असते, असेही त्यांचे म्हणणे होते. आजची बहुतेक शेरेबाजी या टिपणाचीच नक्कल आहे, फरक इतकाच की डाइक्स्ट्रांच्या लेखणीला असलेली धार नकलाकारांकडे नाही.

या टिपणात मोजमाप कोठेही नाही, हा त्याचा पहिला दोष. आणि भाषेवरील निर्णय त्याने विद्यार्थ्यावर ढकलला, हा दुसरा व अधिक गंभीर दोष. पहिल्या दोषाचा निकाल काळानेच लावला आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जन्मलेली बेसिक ही भाषा १९८० च्या दशकातील घरगुती संगणकांवर सर्वत्र होती; भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४ नंतर शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकांवरही तीच होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी आजोबांच्या व्हीआयसी-२० या छोट्या संगणकावर बेसिकनेच सुरुवात केली आणि १९९१ मध्ये लिनक्स ही संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली लिहिली, जी आज जगातील बहुसंख्य सर्व्हरवर चालते. डाइक्स्ट्रांचे निदान खरे असते, तर ती सबंध पिढी वाया गेली असती. ती गेली नाही, एवढेच नव्हे तर पुढच्या पिढीला नावे ठेवण्याइतकी ती सुस्थित झाली.

याच परंपरेतील प्रोग्रॅमर व निबंधकार पॉल ग्रॅहम यांनी २००१ मध्ये भाषांची ताकद एकाच सरळ रेषेवर मांडली, आणि मधल्या पायरीवरच्या काल्पनिक भाषेला ‘ब्लब’ असे नाव देऊन म्हटले की ब्लबवाल्याला खालच्या भाषांतील उणीव दिसते, पण वरच्या भाषांतील सामर्थ्य कळतच नाही. ही मांडणी चतुर आहे, कारण तिच्यावर आक्षेप घेणारा आपोआप ब्लबवाला ठरतो. आक्षेप घेणाऱ्यालाच पुरावा बनवणाऱ्या सिद्धांताला तर्कशास्त्रात मान मिळत नाही. शिवाय सर्व भाषा एकाच रेषेवर बसतात हे त्यात गृहीत धरले आहे, सिद्ध केलेले नाही.

येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, अन्यथा हा प्रतिवाद भाबडा ठरेल. भाषांमध्ये फरक असतात आणि काही फरक जिवावर बेतणारे असतात. सी आणि सी++ या भाषा स्मृतीचा, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या साठवणीचा, हिशेब प्रोग्रॅमरवर सोपवतात. तो चुकला तर परक्याचा डेटा वाचला जातो किंवा पुसला जातो. इंटरनेटवरचा संपर्क सुरक्षित ठेवणाऱ्या कोडमध्ये एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष असाच होता, कारण समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का हे सी भाषेतील त्या कोडने तपासलेच नव्हते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केले की त्यांच्या उत्पादनांतील सुमारे ७० टक्के सुरक्षाविषयक दोष याच जातीचे असतात, आणि रस्टसारख्या भाषा या जातीचे बहुतेक दोष कोड चालण्याआधीच पकडतात. ही सगळी विधाने भाषेच्या गुणधर्माविषयीची आहेत, ती तपासता येतात आणि त्यांचा आदर केला पाहिजे. प्रतिवाद आहे तो गुणधर्मावरून प्रतिष्ठेकडे आणि प्रतिष्ठेवरून माणसाच्या कुवतीकडे मारलेल्या उडीचा.

ही उडी किती फसवी असते हे एरियन-५ या युरोपीय अग्निबाणाने ४ जून १९९६ रोजी दाखवले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेचा प्रोग्रॅम अ‍ॅडा भाषेत होता, आणि अ‍ॅडा ही शिस्त व सुरक्षितता यांसाठीच घडवलेली भाषा; तिच्या नावावर कोणी बोट ठेवत नसे. मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत बसवताना मावली नाही, भाषेने आपले कर्तव्य करून तक्रार नोंदवली, पण त्या तक्रारीचे काय करायचे हे कोणी लिहिलेच नव्हते. तो कोड एरियन-४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता, आणि नव्या अग्निबाणाचा वेग निराळा असल्याने जुनी गृहीतके लागू नव्हती. त्यातही विशेष म्हणजे तो विशिष्ट हिशेब उड्डाणानंतर कामाचाच नव्हता. बदनाम भाषेत असे घडले असते तर सगळे खापर भाषेवर फुटले असते. अ‍ॅडात घडले म्हणून चौकशीला खऱ्या कारणापर्यंत जावे लागले.

अनुभवाचे सार म्हणून जे सांगितले जाते त्याला आता आकड्यांचा आधार असल्याचा दावा केला जातो, म्हणून त्या आकड्यांकडे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी गिटहब या सार्वजनिक कोडसाठ्यातील ७२९ प्रकल्प आणि १७ भाषा घेऊन कोणत्या भाषेत दोष अधिक, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही भाषा दोषांच्या बाजूला झुकतात, काही विरुद्ध बाजूला, असा त्याचा निष्कर्ष निघाल्यावर प्रत्येक पंथाने आपल्या सोयीची ओळ उचलून घेतली. २०१९ मध्ये यान व्हिटेक, एमरी बर्गर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच डेटा पुन्हा तपासला, तेव्हा जे आढळले ते एखाद्या फार्सात शोभावे असे होते. टाइपस्क्रिप्ट ही भाषा ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाली, आणि अभ्यासात तर तिच्या नावावर त्याआधीच्याही नोंदी होत्या. कारण असे की ‘टीएस’ या शेपटाच्या फाइली टाइपस्क्रिप्टच्या मानल्या गेल्या होत्या, आणि त्याच शेपटाच्या अनेक फाइली प्रत्यक्षात मेनूतील शब्दांची एका मानवी भाषेतून दुसरीत केलेली भाषांतरे होती. म्हणजे भाषांतरकारांचे काम प्रोग्रॅमरांच्या गुणवत्तेच्या खात्यात जमा झाले होते. क्रोम ब्राउझरमधील व्ही-८ हे इंजिन मुख्यतः सी++ मध्ये लिहिलेले असताना ते जावास्क्रिप्टचा प्रकल्प म्हणून मोजले गेले होते. चुका दुरुस्त करून पुन्हा गणित केल्यावर दोषांशी संबंध असलेल्या भाषांची संख्या ११ वरून ४ वर आली आणि त्या चारांतही परिणाम अत्यंत क्षुल्लक निघाला. पहिला निष्कर्ष ज्यांनी ढोल वाजवून सांगितला, त्यांपैकी किती जणांनी दुसरा सांगितला, हे विचारण्यासारखे आहे.

ऊर्जेच्या बाबतीतही तेच झाले. पोर्तुगालमधील संशोधकांच्या २०१७ च्या तक्त्यात सी भाषेची ऊर्जा १ धरली तर पायथनची ७५.८८ येते, आणि हा आकडा पायथनवाल्यांच्या तोंडावर फेकण्यासाठी वारंवार वापरला जातो. त्याच तक्त्यात जावास्क्रिप्टपुढे ४.४५ आणि टाइपस्क्रिप्टपुढे २१.५० लिहिले आहे. टाइपस्क्रिप्टचा कोड चालण्यापूर्वी जावास्क्रिप्टमध्येच रूपांतरित होतो, तेव्हा तोच गडी दुसऱ्या नावाने आल्यावर पाचपट जेवतो कसा, असा प्रश्न आकडा वाचणाऱ्याला पडायला हवा होता. उत्तर साधे आहे: तक्त्यात भाषा मोजलेली नव्हती, त्या त्या भाषेत कोणीतरी लिहून ठेवलेले दहा छोटे प्रोग्रॅम मोजलेले होते, आणि एखादा प्रोग्रॅम निराळ्या पद्धतीने लिहिलेला असला की सरासरी कोलमडते. पायथन अनेक कामांत सावकाश आहे हे खरेच. परंतु पायथनमध्ये विदाविश्लेषण करणारा बहुतेक वेळा जड आकडेमोड सी आणि फोरट्रानमध्ये लिहिलेल्या ग्रंथालयांकडून करून घेतो, म्हणून त्या ७५.८८ चा त्याच्या कामाशी संबंध थोडाच उरतो.

या वादात ज्या भाषांची नावेही कोणी घेत नाही त्यांच्याकडे वळले की उतरंडीचे खरे स्वरूप दिसते. रांजणगावच्या वसाहतीत मोटारी, फ्रिज, धुलाई यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात, आणि अशा कारखान्यांतील कन्व्हेअर, प्रेस व जोडणीची यंत्रे ‘पीएलसी’ नावाच्या औद्योगिक संगणकावर चालतात. १९६८ मध्ये जनरल मोटर्सला रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यांनी, खच्चून भरलेली कपाटे नकोशी झाली आणि त्यांच्या जागी बदलता येणारे यंत्र हवे होते. अभियंता डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांचा ‘मॉडिकॉन ०८४’ हा पीएलसी १९६९ मध्ये त्यातून आला. त्यासाठी निवडलेली लेखनपद्धती इलेक्ट्रिशियनला आधीच परिचित असलेल्या वायरिंगच्या आकृतीसारखी होती, म्हणून तिला ‘लॅडर’ म्हणतात: दोन उभ्या रेषा, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी, ओळीवर डावीकडून अटी आणि उजव्या टोकाला परिणाम. १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकाने औद्योगिक नियंत्रणाच्या पाच भाषांत तिला स्थान दिले. असे असूनही खराडीत लॅडरला प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणून कोणी मोजत नाही, आणि ती लिहिणाऱ्याला प्रोग्रॅमर न म्हणता ‘पॅनेलवाला’ किंवा ‘मेंटेनन्सवाला’ म्हटले जाते.

मोटार चालू-बंद करण्याची अगदी प्राथमिक पायरी घेतली तरी तिच्यात काय काय आहे ते पाहावे. ओळीच्या सुरुवातीला ‘स्टॉप’चा कॉन्टॅक्ट, पुढे ‘स्टार्ट’चा, शेवटी मोटारीचे कॉइल, आणि ‘स्टार्ट’ला समांतर मोटारीचाच एक कॉन्टॅक्ट, ज्याला होल्डिंग म्हणतात आणि ज्यामुळे बटणावरचे बोट उचलले तरी मोटार चालू राहते. ‘स्टॉप’चे बटण एनसी प्रकारचे, म्हणजे न दाबता जोडलेल्या स्थितीत असणारे, घेतात, कारण उद्या त्याची वायर तुटली, तर बटण दाबल्यासारखे होऊन यंत्र थांबावे, चालू राहू नये. बिघाड होणारच असे धरून तो सुरक्षित बाजूला कसा होईल, हा विचार या भाषेत पहिल्याच धड्यात येतो. पीएलसी सगळ्या ओळी वरून खाली दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा पुन्हा वाचतो, त्यामुळे एकच कॉइल दोन ओळींवर लिहिले तर खालची ओळ वरच्या ओळीवर मात करते. नवख्याला रडकुंडीला आणणारी ही ‘डबल कॉइल’ची चूक म्हणजे सामायिक स्थितीच्या त्याच समस्येचे रूप आहे, जिच्यावर मोठ्या भाषांत जाडजूड पुस्तके लिहिली जातात. रात्रपाळीत लाइन थांबली की तालुक्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला तरुण लॅपटॉप जोडतो, कोणत्या ओळीत पूर्ण झालेल्या अटी दाखवणारा रंग पुढे सरकत नाही ते पडद्यावर पाहतो आणि संरक्षक दाराचा लिमिट स्विच लागत नाही हे काही मिनिटांत सांगतो. तोच तर्क एखाद्या प्रतिष्ठित भाषेत वर्गांच्या आणि वारशांच्या चार थरांखाली ठेवला असता, तर सकाळपर्यंत पुण्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागली असती.

लॅडर सर्वगुणसंपन्न आहे असे यातून सुचवायचे नाही. मजकुराची काटछाट, लांबलचक आकडेमोड, पाककृतींसारख्या याद्या सांभाळणे ही कामे तिच्यात किचकट होतात आणि त्यांच्यासाठी त्याच प्रमाणकातील ‘स्ट्रक्चर्ड टेक्स्ट’ ही पास्कलसारखी भाषा वापरणे शहाणपणाचे असते. दौंड तालुक्यात कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. भरणे, तापवणे, थंड करणे, रिकामे करणे अशा क्रमाने ज्या उद्योगात माल घाण्याघाण्याने निघतो, तेथे प्रमाणकातील तिसरी भाषा, पायऱ्या आणि त्यांच्यामधील अटी दाखवणारा ‘सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट’, सोयीची पडते, कारण थंड पाणी सुरू झाल्याखेरीज पुढची पायरी येऊ नये ही गोष्ट त्यात डोळ्यांना दिसते. एकाच यंत्रावर तीन भाषा शेजारी नांदतात आणि त्यांच्यात श्रेष्ठ कोण हा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. जेथे चूक झाल्यास माणूस भाजतो तेथे हा प्रश्न पडत नाही आणि जेथे चूक झाल्यास पान पुन्हा लोड करावे लागते तेथे तो रात्रंदिवस पडतो, ही गोष्ट बोलकी आहे.

फॉक्सप्रोची कथा याहून जवळची आहे. १९९० च्या दशकात महाराष्ट्रभर पतसंस्था, बाजार समित्या, दूध संघ आणि साखर कारखान्यांचे ऊस विभाग डीबेस, क्लिपर आणि फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषांवर उभे राहिले, आणि डॉसवर चालणाऱ्या या प्रोग्रॅमांना मराठी दाखवता यावे म्हणून संगणकात ‘जिस्ट’ कार्ड बसवले जाई, जे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या कामाचे फळ होते. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही असे जाहीर केले आणि २०१५ मध्ये आधार पूर्ण काढून घेतला, त्यामुळे ती सोडून देणे आज आवश्यक आहे यात वाद नाही. वाद आहे तो ती लिहिणाऱ्यांना मोडीत काढण्याबद्दल. उसाचे बिल काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वजनकाट्यावरचे निव्वळ वजन, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, विकास सोसायटीच्या कर्जाची कपात, कोणती कपात आधी आणि कोणती नंतर, उरलेली रक्कम कोणत्या बँकेत, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांची मुदत, इतके नियम गुंफलेले असतात. त्यातील निम्मे कोठेही लिहून ठेवलेले नसतात, ते कोडमध्येच असतात. ‘जुनाट भाषा’ म्हणून तो कोड न वाचताच नव्या भाषेत नवा प्रोग्रॅम लिहायला बसणारा माणूस पहिल्याच हंगामात शेतकऱ्यांच्या रांगेपुढे उघडा पडतो. तेथे भाषा जुनी असणे ही अडचण दुय्यम असते. ती तुच्छ मानल्यामुळे तिच्यातील ज्ञान न वाचणे ही मुख्य अडचण असते.

पैशाच्या हिशेबाचाच आणखी एक दाखला घेण्यासारखा आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टला विचारली तर ती ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देते, आणि या एका ओळीवर जावास्क्रिप्टच्या थट्टेची एक शाखाच उभी आहे. नेमके तेच उत्तर पायथन देते, जावाही देते, कारण दोष भाषेचा नसून दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवण्याच्या १९८५ च्या आयईईई ७५४ या प्रमाणकातून ते येते, आणि आजचे जवळपास सर्व प्रोसेसर ते पाळतात. मढे म्हणून हिणवलेली कोबोल मात्र बिनचूक ०.३ देते, तिच्यात रक्कम ‘९(७)व्ही९९’ अशी घोषित करतात, म्हणजे सात अंक, मानलेले दशांशचिन्ह आणि दोन अंक, आणि हिशेब दशमान पद्धतीनेच होतो. पतसंस्थेत रोज गोळा होणाऱ्या पिग्मीच्या शेकडो लहान रकमांवर व्याज काढताना या फरकाला किंमत असते. जावा आणि पायथनमध्येही दशमान हिशेबाची सोय आहे, पण ती वापरली पाहिजे हे माहीत असावे लागते, आणि ते माहीत असणारा बहुधा कोबोल किंवा फॉक्सप्रोच्या हाताखालून गेलेला असतो. ज्या पुण्याच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा पाया १९९८-९९ च्या सुमारास, वर्षाचे दोनच अंक साठवणारे कोबोल प्रोग्रॅम दुरुस्त करण्याच्या कामाने रुंदावला, त्या पुण्यात कोबोलवर हसणे हा कृतघ्नपणा आहे, आणि हा शब्द येथे विचारपूर्वक वापरला आहे.

भाषांची परीक्षा मराठीच्या गरजेने घेतली तर रूढ उतरंड पूर्णच विस्कटते. ‘दौंड’ या शब्दाची लांबी किती, असे विचारल्यास गो आणि रस्ट या भाषा १२ म्हणतात, पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ४ म्हणतात, आणि केवळ आयफोनची भाषा म्हणून बाजूला ठेवली जाणारी स्विफ्ट २ म्हणते. पहिल्या दोघी साठवणीचे बाइट मोजतात, मधल्या तिघी द, औकाराची मात्रा, अनुस्वार आणि ड ही युनिकोडची चार चिन्हे मोजतात, आणि स्विफ्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणारी दोन अक्षरे मोजते. ‘शिरूर’चे उत्तर याच क्रमाने १५, ५ आणि ३ येते. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे; परंतु अर्जातील नाव ठरावीक रकान्यात बसवताना ज्याने हा भेद ओळखला नाही त्याचा प्रोग्रॅम मात्रा तोडतो, आणि सरकारी व बँकांच्या छापील कागदांवर अशा तुटलेल्या मात्रा महाराष्ट्राने पुष्कळ पाहिल्या आहेत. कोणती भाषा ‘गंभीर’ आणि कोणती ‘हलकी’ या चर्चेत ही कसोटी कधीच येत नाही, यावरून ती चर्चा कोणाच्या गरजांवर उभी आहे हे लक्षात यावे.

राहिला बाजाराचा युक्तिवाद, की ज्या भाषेत नोकऱ्या आहेत ती चांगली. नोकरी शोधणाऱ्याने मागणी पाहावी यात गैर काही नाही. फक्त मागणी ही गुणवत्तेचा दाखला म्हणून सादर करू नये. बड्या कारखान्यांतील खरेदी, साठा आणि पाठवणी सांभाळणारी एसएपी ही प्रणाली ज्या एबीएपी भाषेवर चालते, तिचे कौतुक कोणी करत नाही आणि तिच्यावर पोट भरणाऱ्यांची संख्या मात्र मोठी आहे. सी++ चे जनक ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांचे एक म्हणणे या संदर्भात नेहमी सांगितले जाते, की भाषा दोनच प्रकारच्या असतात, ज्यांच्याविषयी लोक तक्रार करतात त्या आणि ज्या कोणी वापरत नाही त्या. ते चटकदार आहे, पण त्यात तक्रारीचे परीक्षण टाळण्याची पळवाट आहे. स्मृतीच्या दोषांची तक्रार खरी आहे आणि ‘पीएचपीवाला म्हणजे कमअक्कल’ ही तक्रारच नव्हे, ती शिवी आहे. दोन्हींना एका मापाने मोजता येणार नाही.

या शिवीची किंमत सर्वांना सारखी पडत नाही, हा मुद्दा समर्थक हटकून विसरतात. नामांकित महाविद्यालयातून आलेल्याने पीएचपीत काम केले तर ती त्याची व्यवहारदृष्टी ठरते; शिरूरच्या मुलीने तालुक्याच्या गावी बीबीए (सीए) करून बाजारपेठेतील दुकानदारांसाठी पीएचपीत बिलांची प्रणाली उभी केली, तर तीच गोष्ट तिची मर्यादा ठरते. भाषेचे नाव हा येथे पडदा असतो आणि पडद्यामागे महाविद्यालय, इंग्रजी आणि गाव यांची चौकशी चाललेली असते. उमेदवाराने काय बांधले, ते किती दिवस चालले, वीज गेली तेव्हा त्याचे काय झाले आणि हिशेब न जुळल्यावर चूक कशी शोधली, हे विचारायला वेळ लागतो. भाषेवरून माणूस जोखायला एक क्षणही लागत नाही, आणि या पद्धतीच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण हेच आहे.

म्हणून शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांनी, आयटीआयनी आणि क्लासचालकांनी ‘कोणती भाषा उत्तम’ हे फलक उतरवावेत. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात तरी रांजणगावच्या पीएलसीची शिडी वाचायला द्यावी, आयटीआयच्या मुलांना पायथनचा वर्ग खुला करावा, आणि ऊस विभागातील निवृत्तीला आलेल्या फॉक्सप्रोवाल्याला सन्मानाने बोलावून कपातीचे नियम त्याच्याकडून लिहून घ्यावेत. मुलाखती घेणाऱ्यांनी पहिला अर्धा तास उमेदवाराच्या भाषेचे नाव न विचारता काढून पाहावा.